पोळलं की सांग

गाठ लहान होती. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर एक पूर्णांक चार सेंटीमीटर लिहिली होती, ऑपरेशननंतर मोजली तेव्हा एक पूर्णांक सहा भरली. एवढा फरक चालतो, असं सर्जन म्हणाले आणि मला ते पटलं. अंबरनाथला रंगाच्या एका कारखान्यात मी चोवीस वर्षं मालाची तपासणी करते. मोजमापात फरक येतोच; तो किती चालायचा हे आधी ठरलेलं असतं. आमच्या रिपोर्टवर कोणी ‘माल ठीक आहे’ असं लिहीत नाही, आकडा लिहितो. ठीक आहे की नाही ते घेणाऱ्याने ठरवायचं.

गाठ लहान असली तरी मॅमोग्राफीत तिच्या आजूबाजूला कॅल्शियमचे बारीक ठिपके पसरलेले दिसले होते, म्हणून उजवा स्तन पूर्ण काढायचा असं ठरलं. केमोथेरपी लागणार नव्हती. नशीब चांगलं, असं सगळे म्हणाले आणि मीही म्हणाले. प्रश्न उरला तो त्या जागेचा. एक तर तिथे सपाट ठेवायचं, नाही तर त्याच ऑपरेशनमध्ये सिलिकॉनचं इम्प्लांट बसवून घ्यायचं.

माझं मन सपाटकडे होतं. तेव्हा मला एक्कावन्न पूर्ण झाली होती. ऑपरेशन जितकं लहान तितकं त्यातून बिघडण्यासारखं कमी, एवढा साधा हिशोब होता. नवऱ्याला ते पटत नव्हतं. तो कधी आवाज चढवून बोलत नाही. एकच गोष्ट चार दिवस चार तऱ्हांनी बोलतो.

“रोज आरशात बघशील आणि रोज तुला आजार आठवेल,” तो म्हणाला.

“मग आरसा वर टांगू. तोंडापुरता दिसेल.”

“मस्करी नको. उद्या मुलीचं लग्न निघेल. ब्लाउज शिवायला टाकशील तेव्हा काय करशील?”

“शिंप्याला सांगेन, एका बाजूला कापड कमी लागेल, पैसे कमी कर.”

तो हसला नाही. म्हणाला, “माझ्यासाठी नाही गं सांगत. तुझ्यासाठी सांगतोय.”

शेवटी आम्ही प्लास्टिक सर्जनला भेटायला बदलापूरहून उल्हासनगरला गेलो. कॅम्प एकमध्ये त्यांचा दवाखाना आहे. खाली साड्यांचं दुकान आणि वर हे. ते तिथेच जन्मले आणि वाढले. सिंधी आहेत, पण मराठी आमच्यासारखंच बोलतात, फक्त मधेच हिंदीत शिरतात. मी प्रश्न विचारायला सुरुवात केली तेव्हा ते खुर्चीत मागे रेलले. “मॅडम, तुम्ही परीक्षा घ्यायला आलात काय माझी?”

मी एकेक विचारत गेले. जंतुसंसर्ग झाला तर काय? आत पाणी साचलं तर? कातडीच्या कडा काळ्या पडल्या तर? इम्प्लांटभोवती जाड पापुद्रा धरून ते कडक झालं, सरकलं, फुटलं तर? किती वर्षांनी बदलावं लागतं? त्यांनी सगळ्याची नीट उत्तरं दिली. एकदा “बहुत कम होतं असं” म्हणाले, तेव्हा मी म्हटलं, “डॉक्टर, बहुत कम हा काही आकडा नाही.” मग त्यांनी आकडे दिले, आणि जिथे त्यांना माहीत नव्हता तिथे माहीत नाही म्हणाले. त्याच गोष्टीमुळे माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

तेवढ्यात नर्सने मला पलीकडच्या खोलीत ईसीजीसाठी बोलावलं. मी गेले. परत आले तेव्हा दोघं उभे होते आणि बोलणं संपलेलं दिसत होतं.

“काही राहिलं का?” मी विचारलं.

“नाही गं. रूम कुठली घ्यायची ते बोलत होतो,” नवरा म्हणाला.

जिना उतरताना मी त्याला हो म्हणाले. सगळं ऐकून घेतलंय अशी माझी खात्री होती, म्हणूनच हो म्हणाले.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. कुशीतून एक नळी बाहेर काढलेली होती. तिच्या टोकाला दाबून ठेवायचा प्लास्टिकचा फुगा होता आणि त्यात लालसर पाणी जमायचं. पहिल्या दिवशी एकशेदहा मिली जमलं, मग रोज थोडं कमी होत गेलं. तीसच्या खाली आल्यावर नळी काढली. मला त्या मोजण्याचा कंटाळा आला नाही. आकडा उतरताना दिसायचा आणि बरं वाटायचं. घरी येताना दिलेला कागद मी दोनदा वाचला होता. हात खांद्याच्या वर उचलायचा नाही, वजन उचलायचं नाही, गोळ्या कधी घ्यायच्या, कुशीवर झोपायचं नाही. कागदावर होतं ते सगळं मी पाळलं.

नळी काढल्यावर आत थोडं पाणी पुन्हा साचलं. असं होऊ शकतं हे डॉक्टरांनी आधी सांगितलेलंच होतं, त्यामुळे मी घाबरले नाही. त्यांनी सिरिंजने ते ओढून काढलं. मी मान फिरवून सुई टोचायची वाट बघत होते, तोवर ते म्हणाले, “झालं.”

“मला तर कळलंच नाही,” मी म्हटलं.

“हां, वो तो रहेगा,” ते म्हणाले आणि माझ्यावरून नवऱ्याकडे बघितलं.

मला वाटलं, हात हलका आहे त्यांचा. तरी घरी आल्यावर नवऱ्याला विचारलं, कारण ते बघणं माझ्या लक्षात राहिलं होतं. “सुई कळली नाही म्हणजे काय? वो तो रहेगा म्हणजे काय राहील?”

“सूज आहे ना अजून,” तो म्हणाला. “सूज उतरली की सगळं कळायला लागेल.”

तो अंबरनाथलाच दुसऱ्या एका कारखान्यात अकाउंट्सला आहे. अंदाजाने बोलणारा माणूस नव्हे. म्हणून मी तेवढ्यावर विषय सोडला.

सतत उताणं झोपून माझी पाठ आणि उजवा खांदा लाकडासारखे झाले होते. मुलगी बंगळुरूला नोकरी करते. ती ऑपरेशनला आली आणि रजा संपल्यावर गेली. मग नवऱ्याची थोरली बहीण आली. वन्सं बदलापूरच्या पलीकडे, खरवईहून पुढे एका गावात राहतात. शेती आता थोडीच उरली आहे, बाकीच्या जमिनीवर इमारती उभ्या आहेत. आमच्या घराण्यात बाळंतीण असो की आजारी, वन्सं आल्याशिवाय कोणी बरं होत नाही असं म्हणतात. माझं बाळंतपण त्यांनीच काढलं होतं.

आल्या आल्या त्यांनी मला बसवलं, पदर बाजूला केला, बघितलं आणि कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, “अगो बाय! डॉक्टरानं डाव्याला म्हातारा ठेवला नि उजव्याला तरणा केला. आता डाव्याला काय सांगशील?”

मी इतकी हसले की टाके ताणले गेले. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच.

मग त्यांनी तळहात त्या जागेवर ठेवला आणि त्यांचा चेहरा बदलला. “गार हाय गो हे. डावीकडं बघ कसा ऊन लागते. इथं गारठा बसलाय.”

ते खरं होतं. मी स्वतः हात लावून बघितला होता. उजवी बाजू डावीपेक्षा गार लागायची, आणि तेव्हा जानेवारी होता. बदलापूरची थंडी मुंबईवाल्यांना सांगितली तरी पटत नाही. सकाळी खिडकीच्या काचेवर ओल धरायची.

वन्संचा शेक सगळ्या नात्यात प्रसिद्ध आहे. खडेमीठ तव्यावर तडतडेपर्यंत भाजायचं, जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्यात बांधून त्याची पुरचुंडी करायची, आधी स्वतःच्या मनगटावर टेकवून बघायची आणि मग दुखऱ्या जागी ठेवायची. पण कुणाचं मनगट किती सोसतं आणि कुणाची पाठ किती, हे वेगळं असतं. म्हणून शेक घेणाऱ्याने बोलायचं असतं. वन्सं दर वेळी म्हणायच्या, “पोळला की सांग.” शेक देणाऱ्याचा हात आणि घेणाऱ्याचं तोंड, या दोहोंवर ते सगळं चालतं. पोळलं म्हटलं की पुरचुंडी उचलायची, कापडाची आणखी एक घडी घालायची आणि पुन्हा ठेवायची. माझ्या बाळंतपणात मी कितीदा पोळलं म्हणाले असेन.

पहिल्या दिवशी त्यांनी पाठ आणि खांदा शेकला. ऑपरेशननंतर मला तेव्हा पहिल्यांदा स्वस्थ झोप लागली. संध्याकाळी नवरा घरी आला तेव्हा वन्सं स्वयंपाकघरात तवा पुसत होत्या. “आज शेकलं तिला. बघ कशी पडल्ये निवांत,” त्या म्हणाल्या.

मी आतल्या खोलीत जागी होते. त्याने डबा ओट्यावर ठेवला आणि विचारलं, “कुठं शेकलंस?”

“पाठीला.”

“पाठीलाच ना? पुढं नको हां. टाके आहेत.”

“मना काय टाके ठावा नाय? टाक्यांना कोण लावतो?”

मी हे सगळं ऐकलं. मला त्यात काहीही वावगं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी पाठ झाल्यावर वन्सं पुढच्या बाजूला आल्या. टाक्यांची रेघ आडवी, बरीच खाली होती आणि भरत आली होती. त्यांनी रेघेवर रुमालाची घडी ठेवली, म्हणजे तिकडे ऊब लागू नये, आणि वरच्या बाजूला पुरचुंडी ठेवली. “पोळला की सांग.”

“नाही पोळत.”

त्यांनी जरा वेळाने पुन्हा विचारलं. मी पुन्हा नाही म्हणाले. माझ्या नाहीवर त्यांनी तव्यावरून दुसरी पुरचुंडी आणली. “आता?”

“नाही. चालेल अजून.”

हे मी त्यांना बरं वाटावं म्हणून बोलत नव्हते. मला खरोखर काही लागत नव्हतं. फक्त वजन ठेवल्यासारखं आत खोल कुठेतरी जाणवत होतं. गारठा एवढा बसलाय, अजून ऊब आत पोचली नाही, असं आम्ही दोघींनी मिळून ठरवलं.

सकाळी आंघोळीच्या आधी गाऊन काढला आणि वन्सं किंचाळल्या. पुरचुंडीएवढा लालभडक गोल उठला होता आणि त्याच्या मधोमध पाण्याने भरलेले दोन फोड होते. मी बोट लावलं तर मेणाला लावल्यासारखं वाटलं. ताप बघितला, अठ्ठ्याण्णव पूर्णांक सहा. काहीही दुखत नव्हतं, आणि त्याचीच मला त्या क्षणी जास्त भीती वाटली.

डॉक्टरांनी बघितलं आणि ते नेहमीसारखे बोलले नाहीत. एवढंच म्हणाले की कातडी पातळ आहे, खाली लगेच इम्प्लांट आहे, मधे जाड थर नाही. भाजलेली कातडी जगली तर इम्प्लांट वाचेल, मेली तर उघडं पडेल आणि काढावं लागेल. “वाचायची शक्यता किती?” मी विचारलं. ते म्हणाले, “आठ-दहा दिवसांनी सांगू शकेन. आता सांगितलं तर खोटं होईल.”

मग ते दिवस गेले. मलम, ड्रेसिंग, अँटिबायोटिक्स. आमचं सगळं घर त्या हाताच्या पंजाएवढ्या जागेकडे बघत होतं. लाल रंग जांभळा झाला, मग मधोमध करडा, मग काळा. त्याच दिवसांत भेटायला येणाऱ्यांना नवरा दारातच सांगायचा, “आमच्या ताईचे गावठी उपाय, दुसरं काय. तिला किती सांगितलं पुढं नको म्हणून.” शेजारच्या वहिनी डोक्याला हात लावायच्या. वन्सं आत भांडी घासत असायच्या. आमचं स्वयंपाकघर दारापासून चार पावलांवर आहे. तिसऱ्या पाहुण्यानंतर त्यांनी पिशवी भरली.

“जाते मी,” त्या दाराशी उभ्या राहून म्हणाल्या. “माझ्या हाताला आता यश नाय राहिला.”

नवरा त्यांना रिक्षापर्यंत सोडायला गेला. परत येऊन मला म्हणाला, “बरं झालं गेली. वाईट वाटत होतं तिला.”

काळी कातडी एका बाजूने सुटली. खालून पांढरट, चकचकीत काहीतरी दिसलं. त्या दिवशी ताप एकशेएक पूर्णांक चार होता. इम्प्लांट काढलं, आतली जागा धुतली आणि कातडी ओढून शिवली. मी जे पहिल्यापासून मागत होते तेच झालं, सपाट. फक्त मधे दोन ऑपरेशनं, एक भाजणं आणि वन्सं एवढं घडून गेलं.

त्यानंतरच्या दुसऱ्या ड्रेसिंगला खोलीत आम्ही तिघंच होतो. डॉक्टर पट्टी सोडवत होते आणि नवरा खिडकीपाशी उभा होता. डॉक्टर इतके दिवस काही बोलले नव्हते, त्या दिवशी त्यांना राहवलं नाही.

“मॅडम, एक विचारू? राग मानू नका. तुम्ही एवढ्या हुशार, एवढे प्रश्न विचारलेत. आणि गरम लावून घेतलंत? मी तर साफ सांगितलं होतं, सेन्सेशन नसणार. थोडंफार येईल, येणारही नाही. गरम नाही, बर्फ नाही, हीटिंग पॅड नाही, काहीही नाही.”

“कोणाला सांगितलंत?” मी म्हटलं.

त्यांचा हात थांबला. “साहेबांना. तुम्ही ईसीजीला गेलात तेव्हा. और डिस्चार्ज के दिन फिर से बोला.”

“मला का नाही सांगितलं?”

“साहेब बोलले, मी समजावतो, तिला टेन्शन येतं. मला वाटलं, घरचा माणूस आहे, घरच्या भाषेत नीट सांगेल.”

“पेशंट कोण होतं, डॉक्टर?”

ते चिकटपट्टी कापायला लागले आणि जरुरीपेक्षा जास्त कापली. मी नवऱ्याकडे बघितलं. तो खिडकीतून खाली, साड्यांच्या दुकानासमोर लावलेल्या आमच्या गाडीकडे बघत होता, जणू कोणी ती उचलून नेत होतं.

गाडी उल्हासनगरच्या बाहेर पडली. मग मीच म्हटलं, “का नाही सांगितलंत?”

“तू नाही म्हणाली असतीस.”

“हो, म्हणाले असते.”

“म्हणूनच.”

एवढं सरळ उत्तर त्याने मला आयुष्यात फार कमी वेळा दिलं असेल. गाडी अंबरनाथच्या सिग्नलला उभी राहिली. मी म्हटलं, “तुम्ही म्हणालात, माझ्यासाठी.”

“दोघांसाठी होतं. मला तू आधीसारखी हवी होतीस. त्यात काय वाईट आहे? मला वाटलं, एकदा झालं की तुलाही बरं वाटेल. कळतं की नाही कळत, ते कुठे रोज लक्षात येणार होतं.”

“मला कळणारच नाही असं काहीतरी माझ्या अंगावर बसवायचं, आणि ते कळणार नाही हेही मला कळू द्यायचं नाही.”

“तू शब्दात पकडतेस.”

“बरं. मग वन्संना काय सांगितलंत? टाके आहेत म्हणून. टाके कारण नव्हतं.”

“मला वाटलं, तेवढं पुरेल.”

“आणि नंतर दारात उभं राहून लोकांना सांगत होतात, ताईचे गावठी उपाय.”

सिग्नल सुटला. मागच्या रिक्षावाल्याने भोंगा वाजवला, “ओ काका, चला की, झोपले का!” नवऱ्याने गिअर टाकला.

मी मनात मोजत राहिले. तो सांगू शकला असता असे किती प्रसंग होते? जिना उतरताना. इस्पितळातून घरी येताना. सुई का कळली नाही असं मी तोंडाने विचारलं तेव्हा. आणि त्या संध्याकाळी, वन्सं तवा पुसत असताना. पहिल्या दोन वेळा तो गप्प राहिला. तिसऱ्या वेळी खोटं बोलला. चौथ्या वेळी त्याला धोका दिसला होता आणि त्याने धोका सोडून दुसरंच कारण सांगितलं. पहिल्या दोन वेळा मी समजू शकते. चौथी वेळ मला आजही समजत नाही.

मुलीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, “आई, बाबांनी काळजीपोटी केलं गं.” हा शब्द मी नंतर पुष्कळांकडून ऐकला. काळजी त्याला होती, हे मला नाकारायचं नाही. तो माझ्या उशाशी बसला, फुग्यातलं पाणी त्याने स्वतः ओतून टाकलं, कधी तोंड वाकडं केलं नाही. आता तर भाजी निवडून ठेवतो, डबा भरतो, मागितल्याशिवाय पपई कापून आणतो. मी खाते. पण तो काही सांगायला लागला की मी आता त्याच्या तोंडाकडे बघते, आणि सांगून झाल्यावर मनात विचारते, यातलं काय राहिलं? बिल किती आलं, प्लंबर कधी येणार, एवढ्याशा गोष्टींनाही. सव्वीस वर्षं हे असं करावं लागलं नव्हतं.

हात उचलता यायला लागल्यावर मी वन्संकडे गेले. एकटीच गेले. त्या अंगणात वाल सोलत होत्या. मला बघून उठल्या, पण जवळ आल्या नाहीत. मी बसले आणि काय झालं ते सांगितलं. डॉक्टरांनी कोणाला सांगितलं होतं, कधी सांगितलं होतं, टाक्यांचं कारण कसं खोटं होतं. मला वाटलं होतं, त्यांच्या उरावरचा दगड उतरेल.

त्या ऐकत राहिल्या. हातातली शेंग तशीच होती. मग म्हणाल्या, “मना कशाला सांगला गो?”

“तुमची चूक नव्हती म्हणून.”

“माझी चूक होती तवा बरा होता. चूक झाली, पाया पडली असती, त्यानं माफ केला असता, मी परत आली असती.” त्यांनी शेंग सुपात टाकली. “आता कशी येऊ? मना ठावा हाय त्यानं काय केला ते. त्यालाबी कळेल की मना ठावा हाय. भाऊबीजेला त्याच्यासमोर ताट घेऊन कशी बसू?”

याचा मी विचार केला नव्हता. खरं ते सांगितलं पाहिजे, एवढाच केला होता. मी उठायला लागले, तर त्यांनी माझा हात धरला. “खरंच काय लागत नव्हता तुला? मी मीठ बदलून परत ठेवला गो.”

“खरंच नाही.”

“दाखव.”

पडवीत त्यांनी बघितलं. आडवा व्रण, त्याच्या वर भाजल्याची आकसलेली कातडी. तळहात ठेवला. त्यांचा हात वालाच्या शेंगांनी खरखरीत झालेला होता. तो मला अर्धामुर्धा कळला, कडेला कळला, मधे नाही.

“आता ऊन हाय,” त्या म्हणाल्या. मग चहा टाकायला उठल्या. त्या अजून आमच्या घरी आलेल्या नाहीत. मी जाते.

उल्हासनगरला बायकांच्या आतल्या कपड्यांचं एक दुकान आहे. तिथे ब्रामध्ये ठेवायचे पॅड मिळतात. मालकीण सिंधी, माझ्याच वयाची. मी कापसाचं हलकं पॅड उचललं तर तिने ते हातातून काढून घेतलं. “भाभी, हल्का वाला मत लो. वर चढतं. बस में खडे रहोगे और एक इधर, एक गले में.” तिने जड पॅड तळहातावर तोललं. “ये लो. वजनवाला अपनी जगह बैठता है.” घरी आणून मी ते स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं. दोनशे ऐंशी ग्रॅम. कामावर जाताना घालते. घरी घालत नाही. ते धुतलं की दांडीवर वाळत असतं, नवऱ्याला दिसतं, तो बघत नाही.

सहा महिन्यांनी डॉक्टरांनी पुन्हा बोलावलं होतं. जखम नीट भरली आहे, हवं असेल तर दुसऱ्यांदा बसवता येईल, त्यावर बोलू, असं ते फोनवर म्हणाले होते. नवरा बरोबर आला. दवाखान्यात माझं नाव पुकारलं तसा तोही उठला.

“तुम्ही बाहेर बसा,” मी म्हटलं.

“अगं, पण ऐकायला मी—”

“बाहेर बसा.”

रिसेप्शनवरच्या मुलीने मान वर केली. तो बसला.

आत डॉक्टरांनी मला सगळं सांगितलं. आता कातडी घट्ट झाली आहे, म्हणून आधी आत एक पिशवी ठेवून ती हळूहळू फुगवावी लागेल आणि मग इम्प्लांट. भाजलेल्या भागामुळे धोका पहिल्यापेक्षा जास्त. किंवा पोटाचं मांस वर आणायचं, पण ते ऑपरेशन मोठं, पोटावरही व्रण राहणार. स्पर्श कशातही पूर्ण येणार नाही. पोटाच्या मांसात थोडाफार आला तर आला. हे शेवटचं ते माझ्याकडे बघून, सावकाश म्हणाले, आणि मग म्हणाले, “ये मुझे तब भी आपको ही बोलना चाहिए था.”

“हो,” मी म्हटलं.

“तो क्या सोचा है?”

“काही बसवायचं नाही. आहे तसं ठेवायचं.”

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. फाईलमध्ये लिहिलं, मी वाचलं आणि सही केली.

मी बाहेर आले तेव्हा नवरा उभाच होता. “काय म्हणाले?” त्याने विचारलं. त्याच्या आवाजात आशा होती आणि भीतीही होती. क्षणभर मला वाटलं, काही नाही म्हणावं. रूमचं बोलत होतो म्हणावं. त्यालाही एकदा कळू दे, दाराबाहेर उभं राहणं काय असतं ते.

पण मी त्याला सगळं सांगितलं. पिशवीचं, धोक्याचं, पोटाच्या मांसाचं, स्पर्शाचं, मी काय ठरवलं त्याचं आणि सहीचं. जिना उतरता उतरता, क्रमाने, एकही गोष्ट न गाळता. साड्यांच्या दुकानापर्यंत पोचायच्या आतच सांगून संपलं. तो शेवटच्या पायरीवर थांबला होता. मी गाडीशी जाऊन उभी राहिले आणि तो किल्ली घेऊन यायची वाट बघत राहिले.